खुर्चीचा नियम आणि आपला बाब्या

 

आज मी तुम्हाला थेट अमेरिकेला घेऊन जाणार आहे. कारण तुमच्यातल्या कित्येक जणींच्या फोनवर एक गोष्ट फिरून गेली असेल, "ट्रम्प तिसऱ्यांदा उभे राहणार." कुणी म्हणतं राहणार, कुणी म्हणतं कायद्यात बसत नाही. एका बैठकीत एक ताई मला म्हणाल्या, "तिथं असा कायदा असतो का? आपल्याकडं तर माणसं हयातभर निवडून येतात!" प्रश्न चांगला आहे, आणि वेळेवर आला आहे. आपल्या भागातल्या बऱ्याच गटांच्या आणि ग्रामसंघांच्या पदाधिकारी निवडी आता तोंडावर आल्यात. निवड आली की आपल्याकडं दोन वाद हमखास निघतात. पहिला, "हिनं अजून किती वर्षं बसायचं?" आणि दुसरा, "ही मुळात कुठली?" अमेरिकेतही नेमके हेच दोन वाद किती तरी वर्षं चालू आहेत. लांबच्या भांडणात आपली जाऊ नसते की नणंद नसते. म्हणून ते शांत डोक्यानं बघता येतं.

आधी एक फरक लक्षात घेऊ. आपल्या देशात राष्ट्रपती हे सर्वोच्च पद, पण रोजचा कारभार पंतप्रधान आणि त्यांचं मंत्रिमंडळ बघतं. अमेरिकेत पंतप्रधान नसतो. तिथले राष्ट्राध्यक्षच सरकार चालवतात, सैन्याचे प्रमुखही तेच. चार वर्षांनी निवडणूक होते. दोन मोठे पक्ष आहेत, एक रिपब्लिकन आणि दुसरा डेमोक्रॅटिक. म्हणजे त्या एका खुर्चीत फार ताकद आहे. म्हणून तिच्यावर कुणी बसायचं आणि किती दिवस, यावर एवढी भांडणं.

त्यांची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली. तेव्हा तिच्यात "दोनदाच" असा नियम नव्हता. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. १७८९ ते १७९७ अशी दोन मुदती त्यांनी काम केलं आणि लोकांना ते हवे असतानाही आपल्या शेतीवाडीवर परत गेले. पुढच्यांनी तीच रीत पाळली. एखाद्यानं तिसऱ्यांदा प्रयत्न केला तरी तो यशस्वी झाला नाही. दीडशे वर्षं एक न लिहिलेली रीत चालली, जशी आपल्याकडं पंगतीत आधी कुणाला वाढायचं याची रीत असते. कुठं लिहिलेली नसते, पण सगळ्यांना ठाऊक असते.

ही रीत मोडली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी. ते डेमोक्रॅटिक पक्षाचे. देशात भयंकर मंदी होती तेव्हा, १९३२ साली, ते निवडून आले. मग १९३६ ला आले. युरोपात महायुद्ध पेटलेलं असताना १९४० ला तिसऱ्यांदा आले, आणि १९४४ ला चौथ्यांदा. लोकांनी मतं देऊनच निवडलं, जबरदस्ती काही नव्हती. पण चौथ्या मुदतीचे तीन महिनेही पुरे झाले नव्हते, तोच एप्रिल १९४५ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यानंतर संसदेत, म्हणजे त्यांच्या काँग्रेसमध्ये, रिपब्लिकन पक्षाचं बहुमत आलं. त्यांनी १९४७ साली घटनादुरुस्तीचा ठराव मंजूर केला. राज्यांनी मान्यता देत देत १९५१ साली तो पक्का झाला. ही त्यांची बाविसावी घटनादुरुस्ती. तिचा अर्थ सोपा आहे. कोणतीही व्यक्ती राष्ट्राध्यक्षपदावर दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येऊ शकत नाही. आणि दुसऱ्याची अर्धी राहिलेली मुदत कुणी दोन वर्षांपेक्षा जास्त चालवली असेल, तर त्या व्यक्तीला पुढं एकदाच निवडून येता येतं.

आता यातली गंमत ऐका. हा नियम करताना रिपब्लिकन पक्षवाले जोरात होते. डेमोक्रॅटिक पक्षातले काही त्यांच्या बाजूनं गेले, पण बरेच जण म्हणत होते, हा तर मेलेल्या रूझवेल्टवर काढलेला राग आहे. बरं, नियम झाला. त्याच्या आडकाठीत सर्वांत आधी कोण सापडलं? आयझेनहॉवर. आणि ते होते रिपब्लिकन! १९५२ आणि १९५६ ला निवडून आले, १९६० ला लोकप्रिय असूनही उभे राहू शकले नाहीत. पुढं दोन मुदती पूर्ण करणारे रेगन, तेही रिपब्लिकन. निवृत्त होताना ते म्हणू लागले, की ही दुरुस्ती रद्द व्हायला हवी, माझ्यासाठी नाही, पुढच्यांसाठी. ज्या पक्षानं कुंपण घातलं, त्याच्याच दावणीची माणसं आधी कुंपणाला अडली.

आपल्याकडं म्हण आहेच, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आपला माणूस तिसऱ्यांदा उभा राहिला तर तो अनुभव. दुसऱ्याचा राहिला तर ती हाव. माणूस बदलला की नियमाबद्दलचं मतही बदलतं.

तरी त्या दुरुस्तीत एक गोष्ट शहाणपणाची होती. ठराव झाला तेव्हा खुर्चीवर ट्रुमन होते, डेमोक्रॅटिक पक्षाचे. नियम त्यांना लागू होणार नाही असं दुरुस्तीतच लिहिलं होतं. म्हणजे विरोधी पक्षाचा माणूस समोर बसलेला असताना त्यालाच उठवण्यासाठी नियम वापरला नाही. नियम पुढच्यांसाठी केला. ट्रुमन यांनी १९५२ साली पुन्हा न लढण्याचं ठरवलं, पण ते स्वतःहून. हे ध्यानात ठेवा, शेवटी आपल्याला लागणार आहे.

आता दोन्ही बाजूंचं म्हणणं प्रामाणिकपणे ऐकू. मर्यादा नको म्हणणारे सांगतात, "लोकांना तोच माणूस हवा असेल, तर कायद्यानं आडवं का यावं? मतदाराला अक्कल नाही का? अनुभवी माणसाला ऐन अडचणीच्या वेळी घरी का बसवायचं?" हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मर्यादा हवी म्हणणारे सांगतात, "जो खूप वर्षं बसतो, त्याच्याभोवती त्याचीच माणसं जमतात. अधिकारी त्याचे, हिशेब त्याचा, माहिती त्याच्याकडं. मग निवडणूक नावाला उरते, कारण समोरच्याला मैदानच सारखं राहत नाही." हेही खरं आहे. आपल्या गटातच बघा ना. एकच अध्यक्ष आठ-दहा वर्षं असली की बँकेत सही तिची, साहेब ओळखतात तिला, कर्जाचा अर्ज कसा भरायचा ते ठाऊक तिला. ती वाईट असते असं नाही, उलट बऱ्याचदा तीच राबत असते. पण बाकीच्या नऊ जणी काही शिकत नाहीत. ती आजारी पडली की गट आजारी पडतो.

आता ताजी गोष्ट. ट्रम्प रिपब्लिकन पक्षाचे. २०१६ ला निवडून आले, २०२० ला हरले, २०२४ ला पुन्हा आले. म्हणजे दोनदा झालं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याच पक्षाचे एक खासदार, अँडी ओगल्स, यांनी नवीन घटनादुरुस्ती सुचवली. तिच्यात म्हटलं होतं, की तीन वेळा निवडून येता यावं, पण जो लागोपाठ दोनदा निवडून आला असेल त्याला तिसरी संधी नाही. मैत्रिणींनो, हे वाक्य नीट तपासा. क्लिंटन लागोपाठ दोनदा आले होते. धाकटे बुश लागोपाठ दोनदा. ओबामा लागोपाठ दोनदा. हे तिघं बाद. हयात असलेल्यांपैकी दोनदा, पण मध्ये खंड पडून आलेले कोण? एकटे ट्रम्प. शिंप्यानं माप घेऊन ब्लाउज शिवावा, तसा एका माणसाच्या मापाचा नियम.

त्याच वर्षी मार्चमध्ये ट्रम्प एका मुलाखतीत तिसऱ्या मुदतीबद्दल म्हणाले, की मी विनोद करत नाही. ऑक्टोबरमध्ये मात्र म्हणाले, की नियम वाचला तर स्पष्ट दिसतं, मला उभं राहता येत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाही तर मीच बाब्या-कार्टं केल्यासारखं होईल. डेमोक्रॅटिक पक्षाचे होसे सेरानो नावाचे खासदार होते. बाविसावी दुरुस्ती रद्दच करा, असा ठराव त्यांनी १९९७ पासून २०१३ पर्यंत पुन्हा पुन्हा मांडला. ओबामांच्या काळात मांडला तेव्हा विरोधकांनी हाकाटी पिटली, "बघा, ओबामांना कायमचं बसवायचं चाललंय!" पण सेरानोंनी तोच ठराव बुश यांच्या काळातही मांडला होता, आणि बुश तर विरोधी पक्षाचे. तुम्हाला सेरानोंचं मत पटो न पटो, ते एका माणसासाठी नव्हतं एवढं नक्की. असा फरक करायला आपण शिकलं पाहिजे.

यातला कुठलाही ठराव पुढं गेला नाही. कारण तिथं घटना बदलायची तर नेहमीच्या मार्गानं दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात आणि वर ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता लागते. एका पक्षाला ते एकट्यानं जमत नाही. समोरच्यांपैकी काही जणांना तरी पटवावंच लागतं.

आता दुसरा वाद, "ही मुळात कुठली?"

अमेरिकेच्या घटनेत राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी तीन अटी आहेत. वय किमान ३५, देशात किमान १४ वर्षं वास्तव्य, आणि माणूस जन्मतःच नागरिक असला पाहिजे. नवीन देश होता, युरोपातला कुणी राजपुत्र किंवा सेनापती येऊन सत्ता बळकावेल ही भीती होती, म्हणून ती तिसरी अट. पण "जन्मतःच नागरिक" म्हणजे नेमकं काय, ते घटनेत उलगडून लिहिलेलं नाही. आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराबाबत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही आजवर त्याचा निकाल दिलेला नाही. जिथं नियम पुसट, तिथं भांडणाला जागा.

२००८ साल घ्या. एका बाजूला रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन. त्यांचे वडील नौदलात, म्हणून त्यांचा जन्म १९३६ साली पनामा कालव्याच्या पट्ट्यात झाला, अमेरिकेच्या भूमीबाहेर. प्रश्न निघाला, हे चालतात का? तेव्हा सिनेटनं, म्हणजे वरच्या सभागृहानं, एकमतानं ठराव केला, की मॅकेन पात्र आहेत. त्या ठरावाच्या पाठीराख्यांत स्वतः बराक ओबामा होते, मॅकेन यांच्याविरुद्ध लढणारे!

आणि ओबामांच्या वाट्याला काय आलं? त्यांचा जन्म १९६१ साली हवाई राज्यात, होनोलुलूला झाला. आई अमेरिकन, वडील केनियाचे. हवाई हे अमेरिकेचंच राज्य, म्हणजे शंकेला जागाच नव्हती. तरी अफवा उठली, की ते केनियात जन्मले. जन्माचा दाखला दाखवला, तर म्हणे पूर्ण दाखवा. एप्रिल २०११ मध्ये, राष्ट्राध्यक्ष असताना, त्यांनी संपूर्ण दाखला जाहीर केला. ती शंका जोरानं मांडणाऱ्यांत ट्रम्प होते. ओबामा अमेरिकेतच जन्मले हे त्यांनी २०१६ च्या सप्टेंबरमध्ये मान्य केलं.

पुढं २०१६ च्या निवडणुकीत टेड क्रूझ उभे राहिले. त्यांचा जन्म कॅनडाचा, आई अमेरिकन. तिथं शंका काढणारे त्यांच्याच पक्षातले प्रतिस्पर्धी होते, म्हणजे पुन्हा ट्रम्प. कमला हॅरिस कॅलिफोर्नियात जन्मल्या, आई मूळची तमिळनाडूची, वडील जमैकाचे. निकी हेली दक्षिण कॅरोलिनात जन्मल्या, आईवडील भारतातून गेलेले. दोघी अमेरिकेच्या भूमीवरच जन्मलेल्या, दोघींवर शंका घेतली गेली. एक डेमोक्रॅटिक, एक रिपब्लिकन. शंका कुणावर घेतली जाते हे पाहिलं, की ती नेहमी कागदावरून निघत नाही हे कळतं. कधी ती नावावरून निघते, कधी रंगावरून.

आता तुम्ही म्हणाल, तिथं छाननी नसते का? आपल्याकडं ग्रामपंचायतीला अर्ज भरला की छाननीचा दिवस असतो. कुणाला हरकत घ्यायची तर त्याच दिवशी घ्या. निवडणूक निर्णय अधिकारी कागद बघून सांगतो, अर्ज वैध की अवैध. अमेरिकेत आपल्या निवडणूक आयोगासारखी, साऱ्या देशाची निवडणूक घेणारी आणि उमेदवारी तपासणारी एक यंत्रणा नाही. प्रत्येक राज्य आपल्या पद्धतीनं निवडणूक घेतं. ओबामांविरुद्धचे बरेचसे दावे न्यायालयांनी फेटाळले, ते "तुमचं स्वतःचं काय नुकसान झालं?" एवढ्या मुद्द्यावर. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसापुढं कागद तपासला गेला, की वाद बराचसा मिटतो. ते नसेल तर तो चावडीवर जातो, आणि चावडीवर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

यात एक मराठी माणूसही आहे. श्री ठाणेदार, बेळगावकडचे. गरिबीतून शिकले, अमेरिकेला गेले, उद्योग केला, आणि २०२३ पासून मिशिगन राज्यातून तिथले खासदार आहेत. खासदार व्हायला जन्माची अट नाही, काही वर्षांचं नागरिकत्व पुरतं. पण ते राष्ट्राध्यक्ष कधीच होऊ शकत नाहीत, कारण जन्म भारतातला. ऑस्ट्रियात जन्मलेले सिनेनट श्वार्झनेगर कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले, त्यांनाही तीच आडकाठी. २००३ साली ही अट सैल करायचा ठराव एका रिपब्लिकन खासदारानं मांडला होता. तोही पुढं गेला नाही.

आपल्या घटनेत काय आहे? राष्ट्रपती होण्यासाठी भारताचा नागरिक असावं आणि वय ३५ पूर्ण असावं. जन्म इथलाच हवा अशी अट नाही. किती वेळा व्हावं याचीही मर्यादा नाही, तरी एकाहून जास्त वेळा निवडून आले ते फक्त राजेंद्र प्रसाद. आणि हा जन्माचा वाद आपणही पाहिलाय. १९९९ साली सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढल्यावर शरद पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांना काँग्रेसनं पक्षातून काढलं, राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. त्याच वर्षी निवडणुकीनंतर महाराष्ट्रात हेच दोन पक्ष एकत्र सरकारात बसले. कोण बरोबर, कोण चूक, हे आज मी सांगणार नाही. तुम्हीच तुमच्या मनाला विचारा, तेव्हा आपलं मत घटना वाचून ठरलं होतं, की घरात कुठला पक्ष चालतो त्यावरून?

आता आपल्याजवळ येऊ. मैत्रिणींनो, "ही मुळात कुठली?" हा प्रश्न कुणाला सगळ्यात जास्त टोचायला हवा? आपल्याला. आपल्यातल्या बहुतेक जणी लग्न होऊन या गावात आल्या. माहेर दुसरं, सासर दुसरं. जन्माची अट लावली तर गावोगावच्या सुना सरपंच होऊ शकल्या नसत्या, ग्रामसंघाच्या अध्यक्षही नाहीत. आपण इथं मतदार आहोत, इथं राबतो, इथली पाणीपट्टी भरतो, म्हणून आपला हक्क. आणि तरीही आपल्याच बैठकीत, दुसऱ्या वाडीतून आलेल्या, दुसऱ्या जातीच्या, किंवा नवऱ्यामागं माहेरी परतलेल्या बाईचं नाव पुढं आलं, की आपल्याच तोंडून निघतं, "ती कुठं आपल्यातली?" हा प्रश्न विचारण्याआधी प्रत्येकीनं आपलं माहेर आठवावं.

तर येत्या निवडीआधी तीन कामं करा.

पहिलं, नियमावली बाहेर काढा आणि बैठकीत मोठ्यानं वाचा. पदाधिकारी किती वर्षांसाठी, पुन्हा निवडता येतात का, सभासद कुणाला म्हणायचं. काही पुसट असेल तर सर्वांच्या संमतीनं स्पष्ट लिहून ठरावाच्या वहीत सह्या घ्या.

दुसरं, नियम बदलायचा असेल तर नावं पुढं येण्याआधी बदला. आणि तो पुढच्या निवडीपासून लागू करा. बसलेल्या ताईला उठवायला नवा नियम नको, आणि तिला बसवून ठेवायलाही नको. उठवायचंच असेल तर मत द्या, ती सरळ वाट आहे. आणि ज्या ताई उठतील त्यांचा मान ठेवा, त्यांनी नवीला सही-हिशेब शिकवायला सहा महिने सोबत राहावं.

तिसरं, हरकत घ्यायची तर बैठकीत, कागद समोर ठेवून, त्या बाईच्या तोंडावर घ्या. नळावर नको आणि फोनवरच्या ग्रुपवर तर मुळीच नको. आणि हरकत घेण्याआधी मनात नावांची अदलाबदल करून बघा. हीच गोष्ट माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत असती, तर मी हरकत घेतली असती का? उत्तर "नाही" आलं, तर ती हरकत नियमाची नाही, मनातल्या अढीची आहे. उत्तर "हो" आलं, तर बिनधास्त उभं राहून बोला.

एवढा मोठा देश, एवढे शिकलेले लोक, आणि तिथंही माणसं हाच एक प्रश्न स्वतःला विचारायला कां-कू करतात. आपल्या दहा-बारा जणींच्या गटाला तो विचारणं सोपं आहे. निवड झाल्यावर तुमच्या गटात काय ठरलं ते केंद्रावर नक्की कळवा. येतं मी. नमस्कार.